नाशिकमध्ये कॅनाबिस तपासणारी प्रयोगशाळा सुरू करायची असल्यास कोणती पात्रता आणि कोणती यंत्रे लागतात?

आपण विचारले आहे की, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नाशिकमध्ये कॅनाबिसची, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाची, तपासणी करणारी प्रयोगशाळा काढायची असेल, तर आणखी कोणते शिक्षण लागते आणि कोणती यंत्रे घ्यावी लागतात. द्राक्षांतील कीडनाशकांचे अंश तपासणाऱ्या, नाशिकच्या अंबड भागातील एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले असून अलीकडे आमच्याकडे हेम्पच्या (नशेचा अंश अगदी कमी असलेल्या कॅनाबिसच्या) बिया आणि त्यांचे तेलही येऊ लागले आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

यंत्रांच्या आधी हे ठरवावे लागते की, आपल्या दारातून कोणता नमुना आत येऊ शकतो. इंटरनेटवर दिसणाऱ्या याद्या बहुतेक कॅलिफोर्निया किंवा कॅनडाच्या असतात, जिथे फुलोराच कायदेशीर माल आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याचा राळेसारखा अंश म्हणजे चरस. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, मात्र भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहेच. पोलिसांनी जप्त केलेला माल सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो, खासगी प्रयोगशाळेकडे नाही. त्यामुळे आपले ग्राहक दोनच: हेम्पच्या बियांपासून अन्नपदार्थ बनवणारे आणि ‘विजया’ (भांगेचे आयुर्वेदातले नाव) वापरून औषधे बनवणारे आयुर्वेदिक कारखाने. केवळ एवढ्यावर प्रयोगशाळा चालणार नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. अन्न किंवा आयुर्वेदिक औषधांची सर्वसाधारण प्रयोगशाळा काढावी आणि कॅनाबिस हा तिचा एक विभाग असावा.

पात्रतेचे म्हणाल तर आपली पदवी पुरेशी आहे, अनुभव मात्र कमी पडेल. अन्नाच्या बाजूने जायचे असल्यास प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आणि त्यानंतर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अधिसूचना लागते. अहवालावर सही करणारा अन्न विश्लेषक पदव्युत्तर पदवी, अन्न तपासणीचा अनुभव आणि त्यासाठीची परीक्षा या तिन्ही गोष्टी असलेला हवा. आयुर्वेदिक औषधांसाठी परवाना वेगळा असून तिथे रसायनतज्ज्ञाबरोबर वनस्पतितज्ज्ञ आणि आयुर्वेदाचा पदवीधर असे अनुभवी लोक दाखवावे लागतात. माणसांच्या बाबतीत नाशिक नशीबवान आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, त्यानंतर अंश तपासणीचे काम इथे इतके वाढले की, एलसी-एमएस/एमएस (घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून अगदी बारीक अंश मोजणारे यंत्र) चालवणारी मुले पिंपळगाव-दिंडोरीकडच्या गावांतही सापडतात.

आता यंत्रे. कोणते यंत्र हवे, हे मोजायची मर्यादा किती बारीक आहे यावर ठरते. उत्तराखंडात औद्योगिक हेम्पच्या पिकाला टीएचसीची (नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे किलोमागे ३,००० मिलिग्रॅम आहे. एफएसएसएआयने २०२१ मध्ये बियांसाठी घातलेली मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलासाठी १० मिलिग्रॅम आहे. पहिल्या मोजणीला पीडीए या प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरची साधी एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) पुरते. दुसऱ्या मोजणीत ती अगदी काठावर येते आणि एलसी-एमएस/एमएसचा आधार घ्यावा लागतो. पहिले यंत्र लाखांत येते, दुसरे कोटीच्या घरात जाते. स्वस्त म्हणून जीसी (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारे यंत्र) घ्यावी असे कोणी सुचवील, पण तिच्या इंजेक्टरच्या उष्णतेने टीएचसीए या झाडातल्या मूळ आम्लाचे टीएचसी होते आणि नमुन्यात मुळात काय किती होते ते वेगळे कळत नाही. एचपीएलसीवर दोन्ही स्वतंत्र मोजता येतात. मग आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून तो टीएचसीत मिळवला की एकूण टीएचसी निघते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांच्यासाठी आयसीपी-एमएस हे धातू मोजणारे यंत्र, अर्कातील उरलेल्या द्रावकांसाठी हेडस्पेस (नमुन्यावरची वाफ घेणारी) जीसी आणि जंतूंसाठी स्वतंत्र खोली लागते. सुरुवातीला यातली काही कामे बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे देता येतात.

यादीत न दिसणारी अडचण नमुन्याची असते. बीच्या गरात टीएचसी जवळपास नसतेच. ते येते फुलोऱ्यातून सालीला चिकटलेल्या राळेतून. एकाच पोत्यातल्या दोन मुठींचे आकडे आमच्याकडे एकदा इतके वेगळे आले की, आधी आम्ही यंत्रालाच दोष दिला. नंतर बिया भिंगाखाली पाहिल्या, तर एका मुठीत सुकलेल्या फुलोऱ्याचे बारीक तुकडे अडकलेले होते. तेव्हापासून पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून बिया काढून, एकत्र करून, चार भाग पाडूनच आम्ही नमुना घेतो आणि दळताना कोरडा बर्फ घालतो, कारण गरम झालेल्या पात्याला राळ चिकटून बसते. यूपीएसची किंमत पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. एप्रिल-मेमध्ये अंबडला वीज गेली आणि व्हॅक्यूम पंप बंद पडला, तर एलसी-एमएस/एमएस पुन्हा स्थिर होईपर्यंत दिवस जातो.

घोडे मात्र पेंड खाते ते स्टँडर्डपाशी, म्हणजे ज्याच्याशी नमुना ताडून पाहायचा त्या प्रमाणित द्रावणापाशी. टीएचसीचा आकडा काढायला शुद्ध टीएचसीचे द्रावण लागते. ते एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत येते आणि त्यात जेमतेम एक मिलिग्रॅम टीएचसी असते, तरी कायद्याने तोही मनोप्रभावी पदार्थच. परदेशातून मागवायचे तर ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांची परवानगी हवी. आल्यावर फ्रीझरला कुलूप हवे आणि नोंदवहीत किती मायक्रोलिटर कधी, कोणी, कशासाठी काढले हे सहीनिशी हवे. आमची एचपीएलसी तयार होऊन बसली होती आणि पहिल्या कुपीची वाट पाहण्यात महिने गेले, म्हणून अर्ज आधी आणि यंत्राची ऑर्डर नंतर, हा क्रम पाळावा. आणि कोणी पिशवीत फुलोरा घेऊन ‘फक्त टक्का सांगा’ म्हणत आलाच, तर पिशवी टेबलावर ठेवूच देऊ नका.