सर्व्हिस इंटरफेस लावण्याआधी कार्ड बघ

सर्व्हिस इंटरफेस चालत नाही म्हणालास. तू थेट नॅटचे (पॅकेटमधले आयपी पत्ते बदलण्याचे) नियम लिहायला बसलास, तिथेच गाडी अडली. जुनिपरच्या राउटरवर सर्व्हिस इंटरफेस म्हणजे केबल लावायचं पोर्ट नव्हे. आत बसवलेल्या, नॅटसारखी कामं करणाऱ्या कार्डाकडे पॅकेट वळवायची ती वाट. कार्डच जागं नसेल तर नियम कितीही बिनचूक असोत, उपयोग शून्य.

म्हणून आधी 'शो चेसिस हार्डवेअर' चालव. मग 'शो चेसिस एफपीसी पिक-स्टेटस' बघ, कार्ड ऑनलाइन आहे ना? एफपीसी म्हणजे मोठ्या कार्डाचा स्लॉट, पिक म्हणजे त्यातलं छोटं कार्ड. इंटरफेसच्या नावातले आकडे तिथूनच येतात: एमएस-१/२/० म्हणजे एफपीसी १, पिक २, पोर्ट ०. नावाच्या सुरुवातीची अक्षरंही कार्डावर ठरतात. जुन्या एएस पिक (अ‍ॅडॅप्टिव्ह सर्व्हिसेस) कार्डाला एसपी, एमएस-एमपीसी (मल्टिसर्व्हिसेस) कार्डाला एमएस. दुसऱ्याचं कॉन्फिग जसंच्या तसं डकवलं की नेमकं इथेच फसतं. (मीही एकदा अख्खी दुपार यात घालवली आहे.)

नेक्स्ट-हॉप पद्धत (रूटिंगने रहदारी कार्डाकडे वळवायची) वापरणार असशील तर दोन युनिट (इंटरफेसचे तार्किक भाग) लागतील, एकाला सर्व्हिस-डोमेन इनसाइड (आतली बाजू), दुसऱ्याला आउटसाइड (बाहेरची). त्यासाठी युनिट ० घेऊ नकोस, १ आणि २ घे. एकाच इंटरफेसवरची रहदारी तपासायची असेल तर मात्र इंटरफेस पद्धतच (नियम थेट त्या इंटरफेसला लावायचे) बरी. रूटिंगमध्ये हात घालावा लागत नाही.

आणि एएस पिकचं सर्व्हिस-पॅकेज (कार्ड कोणत्या प्रकारच्या सेवा देणार ती निवड) लेयर-२ वरून लेयर-३ केलंस की ते कार्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतं. भर रहदारीत हे करू नकोस. लांबून काम करत असशील तर 'कमिट कन्फर्म्ड' (बदल तात्पुरते लागू करायची आज्ञा) दे. १० मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाहीस तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं.