आखाजी ते आखाजी दिवस किती?

तारीख, वार, तिथी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली कोडी यांवर खानदेशातल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळी पहिला मान आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

प्रश्न : आमच्याकडे सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला त्याचं साल फिटतं. यंदा ज्याच्याशी बोलणी चालू आहेत तो म्हणतो, "भाऊ, पुढची आखाजी लांब गेली, महिनाभराचे पैसे जास्त लागतील." त्याचं म्हणणं बरोबर आहे का? (शेतकरी, पारोळा तालुका)

उत्तर : बरोबर आहे, पण अर्धंच. आखाजी ही तिथी, वैशाख शुद्ध तृतीया. तिथ्यांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून ११ दिवसांनी लहान. म्हणून आखाजी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मध्येच अधिक महिना आला की एकदम वीसेक दिवस पुढे उडी मारते. आता तारखा मांडा. २०२४ ची आखाजी १० मेला होती, २०२५ ची ३० एप्रिलला. यंदाची (२०२६) १९ एप्रिलला आहे आणि २०२७ ची ९ मेला.

म्हणजे २०२४ ला धरलेलं साल ३५५ दिवसांचं, २०२५ चं ३५४ दिवसांचं, आणि यंदाचं तब्बल ३८५ दिवसांचं. समजा वर्षाचे १,२०,००० रुपये ठरले. ३५४ दिवसांच्या सालात रोज पडला ३३९ रुपये, ३८५ दिवसांच्या सालात ३१२. काम तेच, बैल तेच, रोजात २७ रुपयांची घट. जुन्या रोजाने जादा ३१ दिवसांचे सुमारे १०,५०० रुपये होतात. यंदा नव्याने येणाऱ्या सालदाराने ते मागितले तर त्यात वावगं काही नाही.

पण तोच सालदार तुमच्याकडे २०२४ पासून असेल तर? तिन्ही सालं मिळून ३५५ + ३५४ + ३८५ = १,०९४ दिवस. तीन इंग्रजी वर्षांचे होतात १,०९५. मागच्या दोन सालांत जे दिवस वाचले ते या सालात भरून निघाले, वर एक दिवस सालदाराकडेच निघतो. (तो मागू नका, शोभणार नाही.) वाद होतो तो नेमका लांब सालात माणूस बदलला की. त्यावर उपाय साधा आहे. बोली करतानाच साल कोणत्या तारखेला फिटणार ते कागदावर लिहा. आखाजीचीच रीत ठेवायची असेल तर ३६५ दिवस भरतात त्या १८ एप्रिल २०२७ नंतरच्या दिवसांचा रोज वेगळा ठरवा. खाड्यांचा हिशेबही दिवसांवरच करा, महिन्यांवर नको, कारण यंदाच्या सालात मराठी महिने तेरा आहेत.

प्रश्न : धोंड्याचा महिना कोणता येणार हे सासऱ्यांच्या आधी जावयाला कळण्याची काही सोय? (एक जावई, चोपडा)

उत्तर : आहे. एकोणीस वर्षं मागचं कॅलेंडर काढा. १९ सौर वर्षांत जवळपास नेमके २३५ चांद्रमास बसतात, त्यामुळे अधिक महिना बहुतेक वेळा १९ वर्षांनी त्याच नावाने परत येतो. २००४ ला श्रावण अधिक होता, २०२३ लाही श्रावण. २००७ ला ज्येष्ठ होता, यंदाही ज्येष्ठच, १७ मे ते १५ जून. "बहुतेक वेळा" हे शब्द मात्र विसरू नका, क्वचित शेजारचा महिना येतो.

महिना अधिक ठरतो तो सूर्यामुळे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही तर तो महिना अधिक. यंदा ते अगदी थोडक्यात जमलं आहे. सूर्य वृषभेत जातो १५ मेला. १६ मेची अमावास्या मध्यरात्र उलटल्यावर संपते, आणि पुढची संपते १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास. हे चार-साडेचार तास इकडचे तिकडे झाले असते तर यंदा ज्येष्ठाच्या अनारशांना मुकला असता.

प्रश्न : मोबाइलवर निरोप फिरतोय की मे २०२६ मध्ये पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आहेत, असं ८२३ वर्षांतून एकदाच होतं, आणि अकरा जणांना पाठवलं तर धनलाभ होतो. खरं काय? (गृहिणी, अमळनेर)

उत्तर : पाच-पाच वार आहेत, बाकी सगळं झूट. ३१ दिवसांचा कोणताही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे तीन वार पाच वेळा येतातच, कारण ३१ म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. गेल्या ऑगस्टमध्ये असंच होतं. मेनंतर जानेवारी २०२७ मध्ये पुन्हा होईल, ऑक्टोबर २०२७ मध्ये पुन्हा. ८२३ चा आकडा तर आणखी हास्यास्पद. आपल्या इंग्रजी कॅलेंडरचं पूर्ण चक्रच ४०० वर्षांचं आहे. त्यात १,४६,०९७ दिवस येतात, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे, शिल्लक शून्य. ४०० वर्षांत जे एकदाही घडत नाही ते पुढे कधीच घडणार नाही.

अशी थाप पकडायला कॅलेंडरही लागत नाही. १५ ऑगस्टचा वार तेवढा लक्षात ठेवा. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर यांचा वार तोच असतो. ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर या उलटसुलट जोड्यांचाही तोच. मार्चची ७ तारीख, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आणि जानेवारीची ३ तारीख यांचाही वार तोच, फक्त लीप वर्षी जानेवारीत ३ ऐवजी ४ घ्यायची. बहुतेकांची चूक इथेच होते. यंदा हा वार शनिवार. मग ९ मे शनिवार, २ मे शनिवार, १ मे शुक्रवार. निरोपाचा निकाल लागला.

जुन्या वर्षाचा हा १५ ऑगस्टचा वार काढायचा असेल तर वर्षाचे शेवटचे दोन अंक घ्या, त्यांना ४ ने भागून येणारा पूर्णांक त्यांत मिळवा, बेरजेला ७ ने भागा. बाकी उरेल तितके वार पुढे मोजा. १९०० च्या शतकात मोजणी बुधवारपासून, २००० च्या शतकात मंगळवारपासून. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला २७ डिसेंबर १९३६ ला सुरू झालं. त्याचा वार? ३६ + ९ = ४५, सातने भागून बाकी ३. बुधवारपुढे तीन, म्हणजे शनिवार. १२ डिसेंबर शनिवार, २६ शनिवार, २७ रविवार. सरावासाठी घरी काढा : नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८. बुधवार आला तर जमलं.

प्रश्न : कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. जळगावात उपास कधी सोडायचा? (जळगाव)

उत्तर : आपल्याकडे चंद्र मुंबईच्या आधी उगवतो. जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन अंशांनी आहे आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून साधारण ११ मिनिटं आधी. धुळ्याला साडेसात, नंदुरबारला साडेपाच. शिवाय आपण मुंबईच्या उत्तरेला दोन अंशांनी आहोत. त्यामुळे जळगावचा फरक वर्षभरात ६ ते १६ मिनिटांमध्ये हलतो. कार्तिक-मार्गशीर्षात जास्त, चैत्र-वैशाखात कमी. अर्थात क्षितिजावर धुरळा आणि समोर चार मजले असले की चंद्र दिसेपर्यंत मुंबईचीच वेळ होते.

एक गोंधळ मात्र टाळा. तिथी संपण्याची वेळ गावागणिक बदलत नाही. चतुर्थी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी संपते असं छापलं असेल तर ती जळगावात आणि मुंबईत त्याच क्षणी संपते. गावागणिक बदलतो तो उदय आणि अस्त.

प्रश्न : मे महिन्यात सावली नाहीशी होते तो प्रयोग मुलांना दाखवायचा आहे. तारीख, वेळ आणि साहित्य सांगा. (शिक्षिका, भुसावळ)

उत्तर : जळगाव-भुसावळला २५ किंवा २६ मे, दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास. धुळ्याला २५ मे, १२.२८. नंदुरबार थोडं उत्तरेला म्हणून २७-२८ मे, १२.३०. घड्याळात बारा वाजता सूर्य डोक्यावर का नसतो, असं मुलं विचारतीलच. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि जळगाव त्याच्या पश्चिमेला जवळपास सात अंश, म्हणून २८ मिनिटं उशीर. मेअखेर सूर्य स्वतः तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा करा.

साहित्य : दीड इंची पीव्हीसी पाइपाचा ३० सेंमीचा तुकडा, करवतीने काटकोनात कापलेला. सपाट फरशी, पांढरा कागद, गवंड्याची लेव्हल आणि ओळंबा. प्रयोग फसतो तो जवळपास नेहमी फरशीच्या उतारामुळे. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेलाच असतो. पाइप एक अंश जरी कलला तरी ५ मिमी सावली दिसते आणि मुलं म्हणतात, "मॅडम, सावली तर शे!" म्हणून आधी लेव्हल लावा, कागदाखाली पुठ्ठ्याच्या चकत्या सारा, मग पाइप उभा करून दोन बाजूंनी ओळंबा धरा.

१२.१५ ला पहिली खूण करा. सावली सव्वा सेंटीमीटर असेल, पश्चिमेकडे. १२.२५ ला पाइपच्या आत बघायला लावा : उन्हाचं गोल चकतं तळाशी बरोबर मधोमध पडलेलं असतं. बाहेर सावली नाही यापेक्षा आत ऊन आहे हेच मुलांच्या लक्षात राहतं. १२.३५ ला सावली पूर्वेकडे गेलेली दिसेल. एक दिवस मागेपुढे झाला तरी फरक एक-दोन मिलिमीटरचाच पडतो. भुसावळचं मेचं ऊन आहे, तेव्हा मुलांना खुणांपुरतंच बाहेर काढा, मधल्या वेळात सावलीत बसवा.

सूर्य परतताना १७-१८ जुलैला पुन्हा डोक्यावर येतो, १२.३४ च्या सुमारास, पण तेव्हा ढगांची परवानगी लागते. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत भर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. शाळा उघडल्यावर हे मुलांकडून तपासून घ्या.

प्रश्न : यंदा कानबाईचा उत्सव कधी? आणि प्रसादाचे रोट संपवायला दिवस किती मिळतात? (शिरपूर)

उत्तर : नागपंचमी सोमवारी १७ ऑगस्टला, म्हणून कानबाई त्यानंतरच्या रविवारी, २३ ऑगस्टला. पौर्णिमा २८ ला. ज्या घरांत रोट पौर्णिमेच्या आत संपवायची रीत आहे त्यांना यंदा जेमतेम पाच दिवस. नागपंचमी शनिवारी आली की दुसऱ्याच दिवशी कानबाई आणि पौर्णिमेला नऊ दिवस. यंदा भाऊबंदांना वाटा लवकर पोचवा.

प्रश्न : दोन लाकडी ठोकळ्यांवर अंक लिहून रोजची तारीख दाखवायचं कॅलेंडर मुलाने मराठी अंकांत केलं. ९ ला जागाच उरली नाही. दुकानातल्या इंग्रजी ठोकळ्यांवर तर बसतं! (धुळे)

उत्तर : मुलाने इंग्रजी ठोकळ्यांची नक्कल केली, तिथेच गाडी अडली. दोन ठोकळ्यांच्या बाजू बारा. ११ आणि २२ साठी १ आणि २ दोन्हींवर हवेत. ० सुद्धा दोन्हींवर हवा, कारण त्याच्यासोबत नऊ अंक लागतात आणि समोरच्या ठोकळ्याला बाजू सहाच. सहा बाजू यात गेल्या. उरल्या सहा, आणि अंक उरले सात : ३ ते ९. इंग्रजीत ६ उलटा केला की ९ होतो, म्हणून भागतं. मराठी ६ उलटा केला तर ९ होत नाही.

पण ३ होतो! खालची शेपटी न काढता ३ लिहा आणि ठोकळा अर्धा फिरवा : ६ वाचता येतो. म्हणून पहिल्या ठोकळ्यावर ०, १, २, ३, ४, ५ आणि दुसऱ्यावर ०, १, २, ७, ८, ९. ठोकळे ४ सेंमीचे घ्या. महिन्यांसाठी ८ सेंमी लांब आणि १.३ सेंमी जाड अशा तीन चौरस पट्ट्या, प्रत्येकीच्या चार बाजूंवर चार महिने. एकामागे एक ठेवल्या की वर ठोकळे नीट बसतात. ज्या महिन्याचं नाव दाखवायचं ती पट्टी पुढे. रंग देण्याआधी १ ते ३१ सगळ्या तारखा पेन्सिलीच्या अंकांनी लावून बघा.

एकाच बाजूवर आल्यामुळे ३ आणि ६ कधी शेजारी बसू शकत नाहीत. सुदैवाने तारखेत छत्तीसचा आकडा लागत नाही.