मेलमॅक, मेलामाईन की नुसतं प्लास्टिक?

प्रश्न असा आला आहे: १९५०च्या दशकातल्या अमेरिकी ताटल्यांना कुणी 'मेलमॅक' म्हणतं, कुणी 'मेलामाईन'. दोन्ही एकच का? 'मेलामीन' लिहावं की 'मेलामाईन'? आणि त्यांना सरळ प्लास्टिक का म्हणू नये?

मेलामाईन हे रसायनाचं नाव. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ साली ते तयार केलं आणि 'मेलाम' हा पदार्थ व 'ॲमाइन' हा नायट्रोजनयुक्त गट यांवरून नाव पडलं. ते फॉर्माल्डिहाइडबरोबर संयोग पावलं की राळ तयार होते. तिच्यात सेल्युलोज मिसळून केलेली पूड तापत्या साच्यात दाबली की ताटली निघते.

'मेलमॅक' हे अमेरिकन सायनामिड कंपनीचं व्यापारी नाव, आणि तेही या कच्च्या मालाचं. ताटल्या घडवणारे कारखाने वेगळेच. 'टेरिलीनचा शर्ट' म्हणताना आपण धाग्याचं नाव घेतो, शर्ट शिवणाऱ्याचं नाही, तसंच हे. रसेल राइट या अमेरिकी डिझायनरचा 'रेसिडेन्शियल' हा संच बोस्टनच्या नॉर्दर्न इंडस्ट्रियल केमिकल कंपनीने काढला. १९५३ साली त्याला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा 'गुड डिझाइन' सन्मान मिळाला. म्हणून 'मेलमॅक कंपनीची ताटली' हे चूक, 'मेलमॅकची ताटली' हे बरोबर. डेन्मार्कच्या रोस्टी कंपनीचे 'मार्ग्रेथे' वाडगेही मेलामाईनचेच, पण त्यांना मेलमॅक म्हणू नये.

राइट यांच्या कामाबद्दल थोडं जास्त लिहायचा मोह आवरत नाही. चिनी मातीची नक्कल न करता त्यांनी या द्रव्याला स्वतःचं रूप दिलं: मऊ वळणाच्या कडा आणि वरून न चढवता अंगातच मुरवलेला रंग. पुढे 'फ्लेअर' संचाच्या एका प्रकारात तर खरी पानं आत बसवली. इतकी देखणी भांडी 'स्वस्त प्लास्टिक' या दोन शब्दांत उरकावीत, हे मला पटत नाही.

अर्थात ते प्लास्टिक आहेच, पण ऊष्मादृढ जातीचं. एकदा साच्यात पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. टपरवेअरचे डबे पॉलिथिनचे, म्हणजे ऊष्मामृदू, तापवले की मऊ पडणारे. मराठीत 'प्लास्टिकचं भांडं' म्हटलं की डोळ्यांपुढे हेच दुसरं येतं, त्यामुळे 'मेलामाईनची ताटली' असंच म्हणावं.

उच्चाराचं म्हणाल, तर इंग्रजीत शेवट 'मीन' असाच होतो. आपण क्लोरीन, आयोडीन म्हणतो, पण ॲमाइनही म्हणतो. एकच नियम आपण कधी पाळलेला नाही. दुकानात आणि घरात 'मेलामाईन' पक्कं रुजलंय, तेच लिहावं. रसायनशास्त्राच्या लेखात 'मेलामीन' दिसलं तर ते चूक धरू नये.