दोन नायलॉनचे स्क्रू पुरेसे आहेत का?

प्रश्न : माझ्या मुलाने नुकताच एक वापरलेला संगणक घेतला. त्याचे कॅबिनेट एनझेडएक्सटी कंपनीचे 'एच१' आहे. या कॅबिनेटला आगीचा धोका असल्याने कंपनीने ग्राहकांना नायलॉनचे स्क्रू पाठवले होते, असे कळले. अवघ्या १२ व्होल्टवर आग कशी लागते? आणि तसे स्क्रू बसवले की काळजी मिटली, असे समजावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, तसे समजू नये, आणि रायझर (ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला जोडणारा भाग) बदलल्याची खात्री होईपर्यंत तो संगणक सुरूही करू नये.

१२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण आग लागते ती एका जागी साचलेल्या उष्णतेने. या कॅबिनेटमध्ये रायझर दोन धातूच्या स्क्रूंनी धातूच्या सांगाड्यावर बसवलेला होता, आणि त्याच्या सर्किट बोर्डात १२ व्होल्टचा तांब्याचा थर स्क्रूच्या भोकाला अगदी लागून होता. स्क्रूचे आटे त्या थराला भिडले की वीज थेट सांगाड्यात उतरते. शॉर्ट पूर्ण झाला तर पॉवर सप्लाय तत्काळ बंद पडतो. घातक असतो तो अर्धवट शॉर्ट. समजा १० अँपिअर प्रवाह वाहिला, तर हरभऱ्याएवढ्या जागेत १२० वॅट उष्णता निर्माण होते, आणि दुरुस्तीच्या दुकानातले साधे सोल्डरिंग आयर्न असते २५ वॅटचे! ६५० वॅटच्या पॉवर सप्लायला हा नेहमीचाच भार वाटतो, म्हणून तो वीज तोडत नाही. इकडे बोर्ड करपतो, आणि करपलेला भाग स्वतःच वीज वाहू लागल्याने जळणे वाढत जाते.

कंपनीने २०२० च्या अखेरीस वीज न वाहणारे नायलॉनचे स्क्रू देऊ केले. पुढे 'गेमर्स नेक्सस' या अमेरिकी यूट्यूब वाहिनीने रायझर पेटताना प्रत्यक्ष दाखवला, त्यानंतर कंपनीने रायझरच बदलून देण्याचे मान्य केले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत तेथील सुमारे ३२,००० कॅबिनेटांसाठी अधिकृत रिकॉल (सदोष माल परत घेणे वा दुरुस्त करून देणे) जाहीर झाला. माझ्या मते पहिला उपाय मुळातच चुकीचा होता, कारण दोष स्क्रूमध्ये नव्हता, बोर्डाच्या आखणीत होता. शिवाय स्क्रूचे पाकीट जाते पहिल्या ग्राहकाकडे. संगणक दुसऱ्या हाती गेला, नायलॉनचा आटा झिजला, की दुरुस्ती करणारा आपल्या डबीतला धातूचा स्क्रू लावून मोकळा होतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. आपल्यासारख्या दुसऱ्या खरेदीदाराचा विचार त्या उपायात नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपण प्लग काढून ठेवावा, रायझर बदलला होता का हे विक्रेत्याला विचारावे, आणि खात्रीलायक उत्तर न मिळाल्यास सीरियल नंबर व रायझरचे छायाचित्र कंपनीच्या ग्राहक सेवेकडे पाठवावे. स्क्रूला चिकटपट्टी गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. घट्ट आवळताना ती फाटते, आणि वरून ते दिसतही नाही.