शुगर मॅन सापडला, मग ऑस्ट्रेलिया कुठे गेली?

मागच्या अंकात मी ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या २०१२च्या माहितीपटाचा ओझरता उल्लेख केला आणि बरीच पत्रं आली. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘शुगर मॅन’ हे गाणं गाणाऱ्या, डेट्रॉइटमधल्या सिक्स्टो रॉड्रिग्जच्या १९७० आणि १९७१ साली दोन रेकॉर्ड निघाल्या. अमेरिकेत त्या कुणी घेतल्या नाहीत. तो घरं पाडण्याच्या आणि डागडुजीच्या कामावर गेला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याच्या गाण्यांवर एक अख्खी पिढी पोसली गेली, आणि तो मेला आहे असंच मानत राहिली. १९९७मध्ये चाहत्यांनी त्याला शोधून काढलं. पुढच्या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो केपटाउनला भरगच्च प्रेक्षागृहापुढे उभा राहिला.

प्रश्न (साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक): दिवाळीत मुलाने हा माहितीपट दाखवला. डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “बाबा, हा माणूस त्याआधी ऑस्ट्रेलियात दोनदा गाऊन आला होता.” चित्रपटात त्याचा शब्दही नाही. माझी फसवणूक झाली असं वाटतं. चूक आहे का?

उत्तर: सर, चूक अजिबात नाही. तुमचा मुलगा म्हणतो ते खरं आहे. १९७९मध्ये रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला, आणि १९८१मध्ये पुन्हा गेला तो ‘मिडनाइट ऑइल’ या नावाजलेल्या बँडबरोबर. त्याच्या तिथल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ‘रॉड्रिग्ज अलाइव्ह’ या नावाने बाजारात आलं. दक्षिण आफ्रिकेत लोक त्याला मेलेला समजत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियात त्याच्या जिवंतपणाची रेकॉर्ड विकली जात होती! दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यांनी हे सगळं वगळलं. साहजिकच आपला समज होतो की १९७१ ते १९९८ या काळात या माणसासाठी कुणीही टाळी वाजवली नाही.

मला याचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. ऐंशीच्या दशकात मी पुण्यात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. आमच्यात एक ट्रम्पेटवाला होता. गणेशोत्सवात मंडळामंडळांतून त्याच्या एका तुकड्यावर ‘वन्स मोअर’ यायचा, आणि अनंत चतुर्दशी उलटली की तो पिंपरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला लेथवर हजर. त्याला मी कधी विचारलं नाही की हे कसं जमतं. आज विचारावंसं वाटतं, पण तो राहिला नाही. रॉड्रिग्जच्या आयुष्यात तोच प्रश्न केवढा मोठा आहे बघा. सदतिसाव्या वर्षी त्याने हजारोंचा जल्लोष ऐकला. मग तो डेट्रॉइटला परतला आणि पुन्हा हातात घण घेतला. १९८१मध्येच त्याने वेन स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी मिळवली. १९८९मध्ये शहराच्या नगरपरिषदेची निवडणूक लढवली आणि हरला. ज्याने यश कधी पाहिलंच नाही त्याने मजुरी करणं एक, आणि यश चाखून पुन्हा धुळीत उतरणं निराळं. दिग्दर्शकाच्या हाती ही दुसरी, अधिक अवघड गोष्ट होती. त्यांनी पहिली सांगितली.

तरीही केपटाउनचा तो प्रसंग खोटा ठरत नाही. तिथल्या लोकांना ऑस्ट्रेलियाची खबर नव्हती, त्यांच्यासाठी तो खरोखरच मेलेला माणूस परत आलेला होता. त्यांचे चेहरे बघा, त्यात बनाव नाही. तुमचे अश्रू त्या चेहऱ्यांसाठी होते, ते मागे घेऊ नका. राग मात्र जरूर ठेवा.

प्रश्न (नाशिकची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी): इतका लोकप्रिय गायक जिवंत आहे की नाही, हे एका देशाला कळू नये? हे पटत नाही.

उत्तर: तुझ्या हातात फोन आहे म्हणून पटत नाही. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेचा विचार कर. तिथे दूरचित्रवाणीच १९७६मध्ये आली. बाहेरच्या जगाने सांस्कृतिक बहिष्कार घातला होता, आणि आत सेन्सॉर बसला होता. सरकारी नभोवाणीच्या संग्रहातली रॉड्रिग्जची रेकॉर्ड माहितीपटात दिसते. नको असलेलं गाणं कुणी वाजवू नये म्हणून तिच्यावर मुद्दाम टोकदार वस्तूने ओरखडे काढले आहेत. चित्रपटात मला सर्वांत जास्त हादरवणारं दृश्य तेच. शिवाय रेकॉर्डवर गीतकाराची नावं वेगवेगळी छापलेली, म्हणजे माग काढायचा तरी कुणाचा? मग अफवा पिकल्या. त्याने मंचावर स्वतःला गोळी घातली, कुणी म्हणे पेटवून घेतलं. खरा धागा मिळाला तो एका गाण्यात. त्यात डिअरबॉर्न या गावाचं नाव येतं, आणि ते डेट्रॉइटला खेटून आहे. केपटाउनचे स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू यांनी शोध चालवला होता. सेगरमन यांच्या संकेतस्थळावर रॉड्रिग्जच्या मुलीचा निरोप आला, आणि कोडं सुटलं.

प्रश्न (ठाण्याहून): त्या सगळ्या विक्रीचे पैसे कुठे गेले?

उत्तर: माहितीपटात हा प्रश्न त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ससेक्स रेकॉर्ड्सचे संस्थापक क्लॅरेन्स अव्हांट यांना विचारला जातो आणि ते चिडतात. त्यांची कंपनी १९७५मध्येच बंद पडली होती. दिग्दर्शकाने तिथून लगेच काढता पाय घेतला, हे मला खटकतं. एखाद्या हिशोबनीसाला पाच मिनिटं तरी द्यायला हवी होती, कारण कलावंताचा मोबदला मधल्या कुठल्या हातात राहतो हे कळल्याशिवाय या कहाणीचा अर्धा अर्थ लागत नाही. पुढे प्रकरण न्यायालयातही गेलं. रॉड्रिग्ज ८ ऑगस्ट २०२३ला गेला आणि अव्हांट त्याच महिन्यात, पाच दिवसांनी. उशिरा आलेला पैसा रॉड्रिग्जने घरच्यांना आणि मित्रांना वाटून टाकला, आणि आपलं जुनं घर सोडलं नाही.

प्रश्न (कोल्हापूरहून): यातला काही भाग मोबाइलवर चित्रित केला आहे, हे खरं का?

उत्तर: खरं. पैसे संपल्यावर बेंजेलूल यांनी उरलेली काही दृश्यं आयफोनवर घेतली, जुन्या ८ मिलिमीटर फिल्मसारखं चित्र देणारं स्वस्तातलं अ‍ॅप वापरून. त्या माहितीपटाला २०१३चं ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, बेंजेलूल यांचा स्टॉकहोममध्ये अंत झाला. त्यांच्यावर मी वर टीका केली आहे, ती मागे घेत नाही. पण रॉड्रिग्जला सत्तरीत जगभरचे मंच मिळाले ते त्यांच्यामुळेच, हेही तितकंच खरं.

प्रश्न (पुण्यातला एक गिटार शिकणारा मुलगा): सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

उत्तर: ‘कोल्ड फॅक्ट’ ही पहिली रेकॉर्ड घे, आणि ‘आय वंडर’ लाव. चांगले हेडफोन लाव, फोनच्या स्पीकरवर त्यातला खालचा सूर मरतो. बेस वाजवणारा आहे बॉब बॅबिट, मोटाउन या डेट्रॉइटच्या नामांकित रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांमागचा माणूस. डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर या निर्मात्यांनी त्याला बोलावलं होतं. ती चाल किती थोड्या सुरांत बसवली आहे ते ऐक. आधी तोंडाने गुणगुण, मग तारांवर शोध. पहिल्या आठवड्यात वेग वाढवू नकोस. जमलं की मला कळव, पुढच्या अंकात दुसऱ्या रेकॉर्डमधलं एखादं गाणं सुचवेन.