डीबग लॉगला ‘अभिलेख’ म्हणावं का?

खानापूरच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. लिनक्स या संगणक प्रणालीच्या एका ड्रायव्हरमध्ये (एखादं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्यांनी हवा तेव्हा चालू-बंद करता येईल असा डीबग लॉग, म्हणजे दोष शोधायला प्रोग्राम स्वतः लिहीत जातो त्या संदेशांची नोंद, घातला आहे. त्याची माहिती मराठीत लिहिताना कोशातून जुळवून ‘विन्यासक्षम दोषमार्जन अभिलेखन’ असं शीर्षक झालं. ते चालेल का? की कन्नडमधला ‘दाखले’ घ्यावा?

शीर्षक बदला, असं मी म्हणेन. शब्द संस्कृत आहेत ही अडचण नाही, अर्थ चुकतोय. अभिलेख जपून ठेवायचा असतो, म्हणून तर पुराभिलेखागार. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश ठरावीक मापाच्या जागेत पडतात आणि ती भरली की नवे संदेश सर्वांत जुन्यांची जागा घेतात. दोषमार्जन म्हणजे दोष काढणं. लॉग तो काढत नाही, कुठे आहे ते दाखवतो.

‘दाखले’ मला मनापासून आवडतो. कन्नडमध्ये त्याचा अर्थ नोंद, दस्तऐवज. आपले दाखल, दखल, दाखला हेही त्याच अरबी मुळाचे, आत शिरणं या अर्थाचे. पण मराठी वाचकाला दाखला म्हणजे उत्पन्नाचा किंवा शाळा सोडल्याचा. तो अर्थ पुसता येणार नाही.

अर्थाने सर्वांत जवळचा शब्द जुन्या पेढीवरचा आहे : खर्डा. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, प्रत्येक व्यवहार क्रमाने चढवायलाच हवा. खर्डा म्हणजे घाईत, कामापुरतं केलेलं कच्चं टिपण. डीबग संदेश तसेच असतात. मात्र आपल्या भागात खर्डा म्हटलं की आधी हिरवी मिरची आठवते, म्हणून शीर्षकात ‘तपासनोंद’ बरी.

‘विन्यासक्षम’ म्हणजे हवं तसं जुळवता येणारं. त्यात तुमच्या कामाचा गाभाच हरवतो. लिनक्समध्ये संदेशांच्या 0 ते 7 अशा पातळ्या आहेत. 0 आणीबाणीची, 7 डीबगची. डायनॅमिक डीबगची सोय असेल तर ड्रायव्हर पुन्हा कंपाइल न करता (कोडपासून नव्याने न बनवता) एका फाइलमधल्या, एका फंक्शनमधल्या, अगदी एका ओळीवरच्या संदेशापुरता लॉग चालू करता येतो. हे लागतं कारण प्रत्येक संदेश लिहायला वेळ मोजावा लागतो. 115200 बॉडच्या (बॉड हे वेगाचं माप) सिरियल कन्सोलवर, म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या तारेवर, सेकंदाला साधारण 11,520 अक्षरं जातात, म्हणजे 80 अक्षरांच्या ओळीला जवळपास 7 मिलिसेकंद. इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने ‘आत्ता लक्ष द्या’ म्हणून दिलेली हाक, हाताळताना एवढा वेळ गेला तर सगळी वेळ सरकते आणि जो दोष शोधतोय तोच कधी कधी दिसेनासा होतो. म्हणून ‘हव्या तेव्हा, हव्या तेवढ्या’ हे शब्द शीर्षकात यायलाच हवेत :

‘ड्रायव्हरमधल्या तपासनोंदी : हव्या तेव्हा, हव्या तेवढ्या’

मजकुरात ‘लॉग’ निःसंकोच वापरा. इंग्रजीतही तो जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून पाण्यात टाकायच्या लाकडावरून आला. वेग ज्या वहीत टिपत ती लॉगबुक. मराठीत तो पुल्लिंगी धरावा : लॉग भरला, लॉग तपासला. क्रियापद मात्र आपलं घ्या, ‘नोंदवणे’ : ड्रायव्हर चूक नोंदवतो.