ऑफिसच्या वेळेत स्वतःचा ब्लॉग लिहावा का?

"हातातलं काम संपलेलं असेल, साहेबांनी नवीन काही दिलेलं नसेल, तर त्या वेळात स्वतःचा ब्लॉग लिहिला तर बिघडतं कुठे?" नोकरी करणारी माणसं मला हे बऱ्याचदा विचारतात. ब्लॉगच्या जागी कधी भाषांतराचं काम असतं, कधी परीक्षेचा अभ्यास. माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑफिसच्या वेळेत आणि ऑफिसच्या संगणकावर लिहू नका. पण तेवढ्याने कुणाचं भागत नाही, कारण विचारणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. म्हणून एका गृहस्थांबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या अलीकडचं. मोठ्या कंपनीत हिशेब तपासायचं काम. आकाशनिरीक्षणावर ब्लॉग लिहायचे: या महिन्यात शनी कुठे दिसेल, साध्या द्विनेत्रीतून गुरूचे चार चंद्र कसे शोधायचे. वाचक थोडे, पण नेमाने येणारे. रोजचं काम तीनच्या सुमारास संपायचं आणि सहापर्यंत खुर्चीत बसणं भाग असायचं. लेख त्याच वेळात लिहून व्हायचे.

ते पकडले गेले म्हणून माझ्याकडे आले नव्हते. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी साहेबांनी सगळ्या विभागासमोर त्यांचं कौतुक केलं होतं. "दुपारनंतर बाकीचे सुस्तावतात, हे मात्र मान खाली घालून टाइप करत असतात." त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली.

"मॅडम, त्यापेक्षा मेमो दिला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

बोलता बोलता बाकीचं बाहेर आलं. मागे कुणाची चाहूल लागली की बोटं आपोआप खिडकी बदलायची. साहेबांनी हाक मारली की छातीत धडधड. लेख प्रसिद्ध झाल्याचा आनंद व्हायच्या आधी त्यावर वेळ कोणती उमटली, याची काळजी. ब्लॉगबद्दल ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे वाचकाचं चांगलं पत्र आलं तरी शेजारच्या टेबलावर सांगायची सोय नव्हती. ज्या गोष्टीवर एवढा जीव, ती त्यांनी स्वतःच चोरीच्या मालासारखी लपवून ठेवली होती.

त्यांना साहेबांसमोर जाऊन सगळं कबूल करायचं होतं. मी लगेच हो म्हटलं नाही. मी विचारलं, "सांगितल्यावर साहेबांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं?" बराच वेळ गेला. "रागवावं. म्हणजे फिटलं." कबुली कुणासाठी आहे, हे या उत्तरातून कळतं. आपलं ओझं दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून हलकं व्हायचं, आणि ऑफिसातली अडचण मात्र होती तशीच. माझं मत असं की आधी वागणं बदलावं. पुढे कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नये. याबाबतीत काही समुपदेशकांचं मत वेगळं असू शकेल, पण नोकरी आणि संसार पणाला लावून मिळवलेल्या सुटकेवर माझा फारसा भरवसा नाही.

त्यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता: "माझं काम तर पूर्ण होतं ना? मग मी कंपनीचं घेतलं काय?" यावर वाद घालण्याऐवजी मी त्यांना दोन आठवडे एक नोंद ठेवायला सांगितली. ब्लॉगची खिडकी कधी उघडली, कधी मिटली, मध्ये काय आलं, आणि त्या दिवशी तपासणीत काय सुटलं. नोंदवही घेऊन आले तेव्हा त्यांचाच चेहरा उतरला होता. सलग दोन तास लिहितो अशी त्यांची समजूत होती. कागदावर मात्र दहा-बारा मिनिटांचे तुकडे होते, मध्ये फोन, मेल, कुणाची तरी शंका. त्या तुकड्यांत लिहिलेलं बरंचसं रात्री घरी पुन्हा लिहावं लागत होतं. आणि लेख रंगात आलेला असला की आलेल्या मेलला "उद्या पाहतो" असं उत्तर जात होतं. म्हणजे काम पूर्ण होत होतं हे खरं, पण तीननंतर येणारं काम आपल्यापर्यंत पोहोचूच नये, अशी तजवीजही नकळत होत होती.

हे कुणा एकाच्या मनाच्या दुबळेपणामुळे होत नाही. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो, आणि दुसरं काम त्यामुळे कमी प्रतीचं होतं. चोरून लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर हे दोन्ही बाजूंनी घडतं: हिशेब करताना लेख मागे लागतो, लेख लिहिताना हिशेब.

नोंदवहीत मला आणखी एक गोष्ट दिसली. घरी लिहिण्याची एकही वेळ ठरलेली नव्हती. रात्री सगळे झोपल्यावर, उरलाच जीव तर. मी विचारलं, "घरी तुम्ही लिहिता हे कुणाला माहीत आहे?" बायकोला माहीत होतं, पण "कधीतरी काहीतरी लिहितात" एवढंच. आठवड्यातले दोन तास मला हवेत, असं त्यांनी घरात कधी म्हटलंच नव्हतं. ऑफिसात कुणाकडे काही मागावं लागत नव्हतं, म्हणून लिहिणं तिथे जाऊन बसलं होतं. घरी मागायचं म्हणजे या गोष्टीला माझ्या आयुष्यात जागा हवी आहे, असं तोंडाने म्हणायचं. आणि समोरून "त्याने मिळतं काय?" असं आलं तर? त्यांच्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसलं, साहेबांच्या कौतुकात नव्हे. अशा प्रश्नासह येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ते इथेच सापडतं.

मध्ये त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण दिलं. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहून त्या माणसाने कादंबऱ्या लिहिल्याच ना? लिहिल्या, पण पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, कचेरीत जायच्या आधी. त्यासाठी उठवायला त्याने नोकराला वेगळे पैसे दिले होते. खात्याच्या कामासाठी रेल्वेने फिरताना डब्यातही तो लिहायचा, हेही मी त्यांना सांगितलं, कारण अर्धं उदाहरण देऊन कुणाला पटवू नये. प्रवासातला वेळ आणि टेबलाशी बसून काम करायचा वेळ यांत मी फरक करते. पहिल्यात आपली हजेरी एवढीच अपेक्षा असते, दुसऱ्यात आपलं लक्ष अपेक्षित असतं.

पुढच्या भेटींत आम्ही दोन संभाषणांची तयारी केली. घरातलं सोपं निघालं. बायको म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का?" शनिवारची सकाळ आणि बुधवारची रात्र ठरली. त्या वेळात मुलीचा अभ्यास बायको घेणार आणि रविवारी हे घेणार.

साहेबांशी बोलणं अवघड होतं, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. "माझं काम तीनला संपतं" असं म्हटलं की जागाच जास्तीची ठरवली तर? म्हणून आम्ही वाक्य बदलून पाहिलं. रिकामेपणाची कबुली देण्याऐवजी त्यांनी म्हणावं: "नेहमीची तपासणी माझ्या हाताला बसली आहे. दुपारनंतर आणखी एखादी जबाबदारी घेऊ शकेन. महिनाअखेरच्या अहवालाचं काम शिकायला आवडेल." यात खोटं काहीच नाही. नेमकं काय हवं ते सांगून गेलं की वरिष्ठांनाही उत्तर देणं सोपं जातं.

कागदपत्रंही वाचायला सांगितली. संगणक कंपनीचा असतो, आणि त्यावर काय उघडलं गेलं याची नोंद कंपनी ठेवू शकते. नेमणुकीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय अट आहे, परवानगी लागते का, ब्लॉगवर जाहिरातीचे पैसे येत असतील तर ते कळवायला हवे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हक्काचा प्रश्नही असतो. भारताचा 1957चा कॉपीराइट कायदा असो की ब्रिटनचा 1988चा, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिलं जातं त्याचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. गुरूचे चंद्र हा हिशेब तपासनिसाच्या कामाचा भाग म्हणता येणार नाही. पण करारातली कलमं कधी कधी फार ऐसपैस लिहिलेली असतात, आणि आपलं लेखन वादात ओढलं जाईल अशा जागी ते करावं कशाला?

साहेबांनी अहवालाचं काम दिलं नाही. नवीन भरती झालेल्यांना शिकवायचं काम दिलं, जे यांना मुळीच नको होतं. ते त्यांनी घेतलं. आठवड्याला दोन होणारे लेख पंधरवड्याला एक झाले, आणि याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. एका भेटीत तर ते चिडून म्हणाले, "प्रामाणिकपणाने माझं लिहिणंच चौथाईवर आलं." त्या रागाला मी समजावत बसले नाही, कारण हिशेब बरोबर होता. त्यांचं काहीतरी खरोखर गेलं होतं. झोप मात्र परत आली होती.

तीन ते पाचची सवय अजून पुरती सुटलेली नाही. त्या वेळात लेखाची कल्पना सुचली की ती मनात घोळत राहते. त्यासाठी खिशात छोटी वही ठेवायची: कल्पना एका ओळीत, आणि शेजारी ती कोणत्या वाराला, किती वाजता लिहायची ते. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की राहिलेल्या कामाची नेमकी योजना केली की ते काम मनात सारखं डोकावणं कमी होतं, काम प्रत्यक्ष व्हायच्या आधीच. यांनाही त्याचा उपयोग होतो आहे, रोज नाही, पण बऱ्याचदा.

जेवणाच्या सुट्टीत लिहिलं तर चालेल का, हे त्यांनी शेवटच्या भेटीत विचारलं. चालेल. कंपनीच्या नियमांनी ती सुट्टी खरोखर तुमची असेल, फोन स्वतःचा असेल, इंटरनेट स्वतःचं असेल आणि सुट्टी संपल्यावर वाक्य अर्धं राहिलं तरी फोन खिशात जात असेल, तर खुशाल लिहा.